सहाशे बेचाळीस जण

आतिफाचं दुसरं गाणं संपलं तेव्हा खानावळीच्या अंगणात चार टेबलं भरलेली होती आणि एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता. हरेश्वर गल्ल्यावरून ओरडला, "अगं आतिफा, गिऱ्हाईक सुरमई खायला आलंय, रडायला नाय. काय तरी उडतं म्हण की!"

"मी माझीच गाणी म्हणणार, हे ठरलं होतं दादा."

"मग म्हण तुझीच. पण जरा दुसऱ्याची वाटतील अशी म्हण."

टेबलं हसली. कोपऱ्यातले रत्नपाल तांबे तेवढे हसले नाहीत. तळा गावाहून दोन एसट्या बदलून ते रेवदंड्याला आले होते ते हिला समोर बसून ऐकायला, आणि आल्यावर खुर्ची सुपारीच्या झाडाच्या आडोशाला सरकवून बसले होते. असले छोटे कार्यक्रम त्यांच्या सवयीचे होते. मोठ्या कार्यक्रमात माणूस गर्दीत मिसळून जातो. इथे त्याचं खोकणंसुद्धा गाणाऱ्याला ऐकू जातं. लहान सिनेमांचंही तसंच. आतिफाचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो अशाच एका सिनेमात. पनवेलला तो एकच आठवडा होता, आणि सकाळच्या खेळाला तांबे एकटे. दारावरच्या माणसाने विचारलं होतं, "काका, लावायचाच का?" 'हो' म्हणताना त्यांना काही मागून घेतल्यासारखी लाज वाटली होती.

आतिफा माईक सोडून त्यांच्याच टेबलाकडे आली. फोन चार्जिंगला लावायचा प्लग तिथे होता.

"बसू का काका? पाचच मिनिटं."

तांबे गडबडीने उठले. "बसा, बसा. मी निघतोच आहे."

"तुम्ही कुठे निघालात? इथे एकटे तुम्हीच ऐकताय."

ते बसले. एसटीत त्यांनी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. 'मी तुमचं ते गाणं रोज ऐकतो.' एवढंच. त्यांनी घसा साफ केला, तेवढ्यात फोन वाजला.

"हां मामू. सांगते ना. सहापर्यंत सांगते." तिने फोन ठेवला आणि बोलायला कोणीतरी हवंच होतं तशी बोलली, "कतारला नोकरी लागतेय. दवाखान्यात, रिसेप्शनला. आज पासपोर्टचा फोटो पाठवला नाय तर ती जागा दुसरीला जाणार. अम्मी म्हणते, जा. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं."

"गेले तर हे सगळं संपलं." ती माईककडे बघून म्हणाली. मग एकदम फोन त्यांच्यासमोर धरला. "पण हे बघा. माझं सिनेमातलं गाणं. सहाशे बेचाळीस जणांनी ऐकलंय. इथे कोणी ऐकत नाय तर नाय. मी तर आता ओळखायला लागलेय त्यांना."

"कोणाला?"

"ऐकणाऱ्यांना. पहाटे फजरची नमाज झाली की मी आकडा बघते. सहाला एकाने वाढलेला असतो. तो बोटीवरचा असणार, नायतर कंपनीतला. दुपारी अडीचला एक बाई ऐकते, घरातलं आवरून. संध्याकाळी तीन-चार, लागोपाठ. ती कॉलेजची पोरं. एकमेकांना ऐकवत असतील." ती हसली. "मागच्या पावसात तर आठ दिवस कोणीच नाय. मी रडले. मग एका दिवशी सगळी परत. नेट गेलं असेल बहुतेक."

तांब्यांनी हातातला कप खाली ठेवला. सकाळी सहाला ते चहा ठेवतात. बायको गेल्यापासून दुपारची भांडी अडीचला घासतात. संध्याकाळी एकदा ऐकून त्यांचं मन भरत नाही. आणि मागच्या पावसात ते आठ दिवस तापाने पडून होते. तो बोटीवरचा, ती बाई, ती कॉलेजची पोरं, सगळे तेच होते.

तयार केलेलं वाक्य अजून तोंडात होतं. ते म्हटलं असतं तर सहाशे बेचाळीस जणांचा एक म्हातारा झाला असता आणि ही मुलगी कतारला गेली असती. तिचं भलंच झालं असतं कदाचित. पण मग नवं गाणं कोण करणार, असंही त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःची किळस वाटली.

"काका, सहाशे बेचाळीस म्हणजे थोडे नाहीत ना?"

"थोडे नाहीत."

"काय?"

पहिल्यांदा ते पुटपुटले होते. आता त्यांना मोठ्याने म्हणावं लागलं. "थोडे नाहीत."

आतिफाने फोन प्लगवरून काढला आणि उभ्यानेच मामूला लावला. "मामू, नाय पाठवत मी. जाऊ दे ती जागा दुसरीला. नाय मामू, रागावून नाय. विचार करूनच."

मग ती माईकपाशी गेली आणि सिनेमातलं ते गाणं म्हणाली. इतकं चांगलं ते फोनमध्येही कधी लागलं नव्हतं. पहिल्या कडव्याला दोन टेबलं बिल मागून उठली. दुसऱ्याला उरलेली गाडीकडे गेली. हरेश्वर फडकं घेऊन ताटं उचलायला लागला.

गाणं संपलं. तांब्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे कधी थांबावं ते कळेना. ते थांबले की टाळ्याच थांबणार होत्या. तळहात हुळहुळायला लागले तरी ते वाजवत राहिले, आणि आतिफा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत, मान लववून हसत होती.