तिसरं पेडल

दोन दारांची ती जुनी स्पोर्ट्स कार ऑटोमॅटिक होती. तिला हाताने टाकायचे गिअर बसवण्यात त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले, आणि गॅरेजच्या फरशीवर टेकून टेकून डावा गुडघाही. आज काम संपलं. पहिल्याच चढावर गुडघ्याने हात टेकले. क्लचवरून पाय निसटून गाडी तीनदा बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. “विकून टाकू,” तो पुटपुटला. शेजारी बायको होती, आयुष्यभर ऑटोमॅटिकच चालवलेली. “तीन वर्षं माझं डोकं खाल्लंत, आता विकता? उठा, इकडे बसा.” “तुला गिअर कुठे येतात?” “तुम्हाला येतात ना? माझे गुडघे शाबूत आहेत.” जागा बदलून तिने क्लच दाबला. “हं, टाका.” त्याने पहिला टाकला. “हळू सोड.” गाडी धडपडत चढली. वर पोचताच तिने पुन्हा क्लच दाबला. “हं.” त्याने दुसरा टाकला.