पुठ्ठ्याची लाइन

रिकाम्या शेडमध्ये गाड्या जोडण्याची अख्खी लाइन उभी होती. यंत्रं, रॅक, टेबलं, सगळं खऱ्या मापाचं, फक्त पुठ्ठ्याचं. गाडीचं मॉडेल बदललं की लाइनही हलवता यावी म्हणून खरी यंत्रं चाकांवर बसणार होती. त्याआधी ही रंगीत तालीम. आखणी करणाऱ्या इंजिनिअर बाईंना कामगार पाठीमागे चाकवाली म्हणत. ते बाईंना ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

"पुढची काच आता यंत्राचा हात बसवेल," बाई म्हणाल्या. "सोबत एक माणूस पुरे. दुसऱ्याने सीटच्या कामावर जायचं, पार त्या टोकाला. तुमच्यापैकी कोण जातंय?"

काच बसवणारे दोघे सख्खे भाऊ. घराची वाटणी झाल्यापासून त्यांचा अबोला होता, तोही असातसा नाही. साधा निरोपसुद्धा तिसऱ्याच्या तोंडून जायचा. पण काच दोन्ही बाजूंनी धरून एका दमात बसवावी लागते, म्हणून दर गाडीला त्यांची नजरानजर व्हायची. दोघांत उरलं होतं ते एवढंच. आता तेही जाणार होतं.

"बाई, त्यांना इथंच ठेवा," धाकटा म्हणाला. "सीटच्या कामाला सारखं वाकावं लागतं. त्यांचा गुडघा कुरकुरतो."

"माझ्या गुडघ्याची काळजी नको म्हणावं," थोरला बाईंनाच म्हणाला. "त्यालाच राहू द्या. त्या टोकाला भट्टीसारखं तापतं. लहानपणापासून घोळणा फुटतो त्याचा."

"अहो, समोर उभे आहात की एकमेकांच्या. मी काय पोस्टमन आहे?"

थोरला पुठ्ठ्याच्या यंत्रावरून उगाच हात फिरवत राहिला.

"बाई," शेवटी त्याने विचारलं, "सगळं चाकांवर म्हणता ना? मग सीटचं काम काचेच्या शेजारी आणता येईल?"

बाईंनी नकाशा पाहिला, पेन्सिलीने डोकं खाजवलं. "आधी काच, लगेच सीट. चालेल की. हलवून बघा, ट्रॉलीचा रस्ता अडत नसला म्हणजे झालं."

धाकटा शेडच्या टोकाला गेला. सीटच्या यंत्राच्या जागी तिथे आतून पोकळ असं एक खोकं होतं. कुणीही काखोटीला मारून नेलं असतं. त्याने खाली हात घातला आणि तसाच वाकून थांबला.

"दादा," तो म्हणाला, "तिकडून धर. जड आहे."