एकच उंचवटा

“सरळ सांगा, दोष माझाच ना?” खुर्चीत बसायच्या आधीच आजींनी विचारलं. रक्त देऊन चार तास झाले होते, तरी कोपरावरचा कापूस त्यांनी घट्ट दाबून धरला होता.

समोरच्या संशोधक बाईंना प्रयोगशाळेत सगळे मागून ‘तराजू’ म्हणत. खोटं त्यांच्या तोंडून निघतच नसे. बरं वाटावं म्हणून त्यांनी आजवर कुणाला ‘बारीक झालीस’ असंही म्हटलं नव्हतं.

आजींचा नातू चार वर्षांचा, सतत आजारी. शरीराच्या राखणदार पेशींत धोक्याचा निरोप पुढे पोचवणारं कायनेज नावाचं एक प्रथिन असतं. ते त्याच्यात नव्हतंच. बाईंकडची अँटिबॉडी त्या कायनेजला नेमकी चिकटायची आणि चमकायची. पडद्यावरच्या आलेखात चमकत्या पेशींचा एक उंचवटा उठायचा, अंधाऱ्या पेशींचा वेगळा. नातवाच्या पेशी सगळ्या अंधाऱ्या. त्याच्या आईच्या, म्हणजे आजींच्या लेकीच्या, चित्रात दोन उंचवटे: अर्ध्या पेशी चमकत्या, अर्ध्या अंधाऱ्या. म्हणजे दोष आईकडून लेकाकडे आलेला. नातवाचे उपचार ठरले, सुरूही झाले. पण हे कळल्यापासून आईनं त्याला उचलून घेतलं नव्हतं. औषध द्यायची, पांघरूण घालायची आणि हात मागे घ्यायची.

“माझी एकुलती एक लेक,” आजी म्हणाल्या. “नाक माझं घेतलं, राग माझा घेतला. हेही माझंच निघू दे. निदान तिला म्हणता येईल, बाई गं, तुझ्या हातात काय होतं?”

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. एकच उंचवटा, नितळ.

“नाही, आजी. तुमच्या सगळ्या पेशी चमकतात. तुमच्याकडून काही गेलेलं नाही. हा बदल तिच्यापासूनच सुरू झालाय.”

आजींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या बाईंचा चेहरा न्याहाळत राहिल्या.

“लेक येऊन गेली ना तुमच्याकडे?”

बाई जरा घुटमळल्या. “सकाळी आली होती.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, निकाल काहीही लागो, आईला सांगा की तिच्यात काही नाही.”

“वाटलंच मला.” आजींच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. “पोटची पोर, मी ओळखणार नाही?”

“अहो आजी, पण खरंच तसंच आहे.”

“असू दे, असू दे. तिला शब्द दिलाय ना, मोडू नका.” आजींनी कापूस टोपलीत टाकला आणि तरुण बाईसारख्या चटचट चालत बाहेर गेल्या.

दाराच्या काचेतून बाईंना बाकावरची लेक दिसली, शेजारी हातभर अंतरावर मुलगा. आजी तिच्या कानाशी वाकून बराच वेळ बोलत होत्या. लेक आधी जोरजोरात नकारार्थी मान हलवत होती. मग तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाई उठल्या, दाराची कडी धरली. तेवढ्यात दार बाहेरूनच उघडलं.

दारात लेक होती. डोळे लाल, कडेवर मुलगा. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

“मी एवढं विनवलं होतं बाई, तरी तुम्ही आईला खरं सांगितलंतच ना?”

बाईंनी त्या दोन हातांकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “मी त्यांना खरं तेच सांगितलं.”