खंडेनवमीचं पिस्तूल

दुकानदारानं तीन पिस्तुलं फडक्यावर मांडली. पोलिसांनी नवी घेतल्यावर विकून टाकलेला हा आखूड नळीचा माल. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या नेमबाजी क्लबात वर्षभर घाम गाळून देवदत्तनं परवाना मिळवला होता. आता अडचण होती ती घरातच.

त्याच्या बायकोची, वैभवीची, अट साधी होती. घरात शस्त्र आलं तर ते खंडेनवमीला पूजेत बसणार, आणि माणसावर चाललेलं शस्त्र ती पूजेत बसू देणार नव्हती. ते कळणार कसं, असं त्यानं विचारलं होतं.

"इंजिनिअर आहेस ना? शोध."

म्हणून त्यानं क्लबातल्या ब्रांटना सोबत आणलं होतं. हे निवृत्त पोलीस क्लबात फक्त कॉफीला येत, पिस्तुलाला हात लावत नसत. चौतीस वर्षांत माणसावर एकदाच गोळी झाडली, तो वाचला नाही, एवढं त्यांनी एकदा सांगितलं होतं. मग साखर मागितली होती.

ब्रांटनी पहिलं पिस्तूल झिजलेलं म्हणून बाजूला सारलं, दुसऱ्याची स्प्रिंग गेलेली. तिसऱ्याचा रंग कमरेच्या म्यानात घासून उडाला होता, पण नळी आतून लख्ख होती. ते त्यांनी बराच वेळ हातात धरलं. म्हातारा जुन्या दिवसांत रमलाय, असं वाटून देवदत्तला हसू आलं.

"हे घे," ब्रांट म्हणाले. "हे माणसावर कधीच चाललेलं नाही."

"नक्की?"

"हो. नक्की."

पोलिसात जन्म काढलेल्या माणसाला आणखी काय विचारायचं? देवदत्तनं ते घेतलं. ब्रांटनी त्याला स्प्रिंग बदलायला, तेलाचे मोजके थेंब सोडायला शिकवलं. मुठीची डावी पट्टी मात्र उघडू नकोस म्हणाले, तिचे स्क्रू नाजूक असतात. देवदत्तनं आज्ञाधारकपणे तिला हात लावला नाही.

खंडेनवमीला पाटावर लॅपटॉप, मिक्सर, पान्यांचा संच आणि मधोमध रिकामं पिस्तूल बसलं. वैभवीनं ब्रांटनाही बोलावलं होतं. ते सूट घालून आले. तिनं त्यांच्या हातात बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू दिला. त्यांनी तो पिस्तुलावर वाहिला आणि तिथेच उभे राहिले. इथे माफीही मागतात का, असं त्यांनी हळूच विचारलं. पूजेच्या शेवटी मागतातच, वैभवी म्हणाली. तेव्हा त्यांनी तिचं बघून हात जोडले. नंतर दोनदा मागून श्रीखंड खाल्लं. त्यांना एवढं मोकळं देवदत्तनं क्लबात कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवदत्त पिस्तूल पुसायला बसला. ओली हळद मुठीच्या फटीत शिरली होती. लोखंड गंजेल, या काळजीनं त्यानं अखेर डावी पट्टी उघडली. स्क्रू चांगले दणकट होते.

पट्टी खडखडू नये म्हणून खाली कुणीतरी कागदाची घडी सारली होती. त्यानं ती उलगडली. पोलिसांच्या सरावाचं जुनं गुणपत्रक होतं. वरच्या ओळीत शाईनं नाव लिहिलं होतं: ब्रांट.