कुंडीचं बूड

जयश्रीनं हिमानीला मुद्दामच हाक मारली. निवडुंग कुंडीतून निघेल तेव्हा तिचं तोंड समोर हवं होतं.

"येते का गं जरा खाली? निवडुंगाची कुंडी बदलाची आहे, एकटीच्यानं होत नाही."

दोघी सख्ख्या जावा. सौंसरच्या त्या घरात जयश्री खाली राहायची, हिमानी वर. ओसरीच्या कोपऱ्यातला पुरुषभर उंचीचा निवडुंग नेमका हिमानीच्या गॅलरीखाली यायचा. सतरा वर्षांत त्याला कधी काही झालं नव्हतं. मग पांढुर्ण्याच्या कुण्या वास्तुवाल्यानं हिमानीला सांगितलं, की दारात काटे आहेत तोवर तुमच्या मुलाचं, विशालचं लग्न जुळायचं नाही. "ताई, हे मागच्या अंगणात नेलं तं?" असं तिनं एकदा विचारलंही. जयश्रीनं साफ नाही म्हटलं. त्यानंतर महिन्याभरातच निवडुंग बुडाशी पिवळा पडला. मातीवर पांढरा थर दिसू लागला. वरून काहीतरी पडत होतं. की पाडलं जात होतं.

हिमानी लगेच आली. इतक्या लगेच ती कधी येत नसे. अंगात नवऱ्याचं मोटारसायकलवरचं जाड जॅकेट, हातात जुनी सतरंजी.

"हे कायले आणलं?"

"पोत्यातून काटे पार होतात, ताई. सतरंजीत अडकतात. मोबाइलवर पाहिलं."

"तुले कायले पाहा लागलं?"

"असंच," हिमानी म्हणाली आणि दोरी उचलली.

असंच. जयश्रीनं तो शब्द मनात बांधून ठेवला.

दोघींनी निवडुंगाला आधी वर्तमानपत्राचे जाड थर गुंडाळले, त्यावर सतरंजी, त्यावर दोरी. कुंडी हळूच आडवी केली. हिमानीनं बांधलेलं खोड पोटाशी धरलं आणि जयश्रीनं कपडे धुवायच्या मोगरीनं कुंडीच्या कडेला ठोके दिले. कुंडी सुटेना. कुबट वास मात्र सुटला.

"वास येऊन राहिला," जयश्री तिच्याकडे रोखून बघत म्हणाली. "कोणं काही टाकल्यासारखा."

"सडल्याचा आहे," हिमानी नजर वर न करता म्हणाली.

"आणि मातीवरचं हे पांढरं?"

"बोअरच्या पाण्यानं होते तसं. माह्या तुळशीलेही आहे."

प्रश्न संपायच्या आत उत्तर. घरून पाठ करून आल्यासारखं.

जयश्रीनं मोगरी ठेवली आणि हातोडी घेतली. दुसऱ्याच घावाला कुंडी फुटली. सैल झालेलं खोड गरकन फिरलं, कागद फाटून सतरंजी सरकली, आणि वाकलेल्या जयश्रीच्या तोंडावर ते सगळं धूड कलंडू लागलं. हिमानीनं मध्ये हात घातले. दोरी शोधायला वेळ नव्हता. तिनं उघड्या खोडालाच कवळ घातली आणि तसंच धरून ठेवलं.

"सरका ताई," ती दात आवळून म्हणाली. "आधी तुमी सरका."

जयश्री सरकली. दोघींनी मिळून खोड खाली टेकवलं. मुळं काळी पडली होती, हाताला चिकटत होती. हाच तो क्षण, म्हणून जयश्रीनं मान वर केली. हिमानीच्या तोंडावर घाम होता, डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही बाह्या काट्यांनी भरल्या होत्या, मनगटावर रक्त आलं होतं. त्या तोंडावर आणखी काही वाचता येईना.

जयश्रीनं नजर खाली वळवली. कुंडीचं बूड अख्खंच्या अख्खं निघून पालथं पडलं होतं. त्याचं भोक पांढऱ्या सिमेंटनं बुजलेलं होतं. उन्हाळ्यात ओसरीला नवी टाइल बसवली, तेव्हा पाण्याचे डाग पडतात म्हणून तिनंच कुंडी तिरपी करून उरलंसुरलं सिमेंट भोकात दाबलं होतं. अंगठ्यानं. अंगठ्याच्या रेघासुद्धा तशाच होत्या.

तिनं पायानंच ते बूड उलटं केलं आणि खापऱ्यांत सारलं.

"कायनं सडलं, ताई?"

"पाणी साचलं."

हिमानीनं वर आपल्या गॅलरीकडे बघितलं. "माह्या कपड्याइचं पाणी गळते न वरून. तेच झालं असन. तुमी मलेच म्हणसान, हे मले माहीत होतं. म्हणून पाहून ठेवलं, वाचवा कसं लागते ते."

"हात हालवू नको," जयश्री म्हणाली.

चिमटा आणून ती काटे काढत बसली. दर काट्याला वाटायचं, आता सांगून टाकावं. तेवढ्यात पुढचा काटा दिसायचा.

काटे निघाल्यावर हिमानीनं सुरी धुऊन घेतली आणि आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत सडका भाग कापून काढला. "आता दहा दिवस सावलीत वाळू द्या. आजच मातीत लावलं तं पुन्हा सडन." रामाकोन्याहून आणलेली नवी कुंडी रिकामीच राहिली.

मग ती घमेल्यात खापऱ्या भरू लागली.

"राहू दे, मी भरते," जयश्री म्हणाली. पण तोवर बूड हिमानीच्या हातात आलं होतं. तिनं ते उलटलं. सिमेंटवरच्या ठशाकडे बघितलं, मग जयश्रीच्या हाताकडे. बराच वेळ बघितलं, असं जयश्रीला वाटलं. कदाचित नसेलही.

"हे टाकू, ताई," हिमानीनं विचारलं, "का ठेवू?"