खंडेनवमीचा पाना

"आई, पुरं कर आता रडणं. तुझा काय दोष न्हाय त्यात," रामहरी म्हणाला.

दर रविवारी तो हेच म्हणायचा. बैलगाडी जुंपून म्हाताऱ्या आईला नरसिंहपूरच्या उतारावर आणायचा, संगमात तिचे पाय धुवायचा, बाभळीखाली भाकरी सोडायचा. गाव म्हणायचं, ल्योक असावा तर असा. आणि दोष न्हाय, दोष न्हाय असं वर्षभर ऐकून रंगूबाईला पक्कं ठाऊक झालं होतं, की दोष तिचाच.

छत्तीस सालच्या दसऱ्याला तिचा धाकटा, महिपती, मोटारीसकट ह्याच उतारावरून खाली गेला होता. पुढचं चाक निखळलं, एवढंच निमित्त.

महिपतीला मोटारीचं भलतंच वेड. त्या पाडव्याला त्यानं कालव्यावरच्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली आणि घराचं अंगण घासलेटात बुडवलं. पोतं अंथरायचं आणि दिवसभर गाडीखाली पडून राहायचं. सामान बारामतीहून आणायचं, बसवायचं मात्र स्वतःच. रविवारी गाडी चालू झाली, की सगळ्यांना कोंबून संगमावर! रंगूबाई पदर दातात धरून बसायची, घाबरायची आणि हसायचीसुद्धा.

खंडेनवमीला दुपारी त्यानं पंक्चर झालेलं चाक काढलं, ठिगळ मारून परत बसवलं. नट आवळत होता, तोवर रंगूबाई दारात आली.

"पाना दे हिकडं. पूजा खोळंबलीया."

"आई, अजून एकदा फिरवतो."

"आरं, नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, समदी बसली देवापुढं. तुझा पाना तेवढा लई शहाणा व्हय?"

"एक आवळी राहिलीया गं."

"उद्या दे. आज हत्याराला इसावा."

महिपती हसला. त्यानं नटांवर पत्र्याचं टोपण ठोकलं आणि पाना धोतराला लख्ख पुसून आईच्या हातात दिला. त्याच्या बायकोनं, सारजानं, पान्याच्या जबड्यात ओल्या कुंकवाची बोटं दाबून भरली.

"आगं, पाना हाय त्यो, नवरी न्हाय," महिपती म्हणाला, तशी सारजा लाजली.

एकदा पूजा झाली, की दसऱ्याची संध्याकाळ होईतो हत्याराला शिवायचं नाही, ही ह्या घराची रीत. रंगूबाई तर नवरात्राच्या उपासानं पार गळून गेली होती. "तू नीज. देवाचा दिवा मी राखतो," असं म्हणून रामहरी रात्रभर देवघरात बसला.

उजाडताच महिपती आपट्याची पानं आणायला मोटार काढून निघाला. नटाचं आल्यावर बघतो म्हणाला. आलाच नाही.

दोघा भावांच्या वाटण्या दसऱ्यानंतर व्हायच्या होत्या. त्या मग राहिल्याच.

लोकांनी विचारलं, त्या नटांना नंतर कुणीच पाना लावला नाही? रामहरीनं गळा काढून सांगितलं, "कुणी शिवलं न्हाय पान्याला. म्या सोता रातभर बसलो होतो तितं." ते ऐकलं आणि रंगूबाईच्या मनात एकच उरलं. एक आवळी. लेकानं दोनदा मागितली, आणि आईनं दिली नाही.

यंदाच्या दसऱ्याआधीच्या रविवारी संगमावरून परतताना रामहरी बैलांकडं बघत म्हणाला, "दसरा झाला की सारजाला सुप्याला माहेरी सोडून येतो. पोर न्हाय, बाळ न्हाय. हितं राहून काय करायचं तिनं?"

सारजाला माहेरी कुणी उरलं नव्हतं, एक चुलता तेवढा, आणि तोही दारुडा. हे तिचं घर हाय, असं रंगूबाईच्या अगदी ओठावर आलं. पण जिनं तिचा नवरा मारला, तिनं कुठल्या तोंडानं बोलायचं? स्वतःची तिला शिसारी आली.

नवमीला सकाळी रामहरी झेंडू आणायला इंदापूरला गेला. घरात सासू-सून दोघीच होत्या.

"सारजे, यंदा त्याच्या मोटारीचं कायतरी देवापुढं ठिवू," रंगूबाई म्हणाली.

मोटार भंगारात गेली होती. चाक तेवढं राहिलं होतं. त्या दिवशी ते घरंगळत कुणाच्या ज्वारीत गेलं होतं, महिन्यानं सापडलं, ते रामहरीनं गोठ्यात भिंतीला लावून ठेवलं. टोपण होतं तसंच होतं. वर्षभर तिकडं बघायची कुणाची छाती झाली नव्हती.

"हे टोपण चिंचंनं घासलं तर उजळंल," म्हणत सारजानं फटीत विळ्याचं टोक घातलं आणि उचकटलं. आतून पाच नट खळखळत शेणात पडले.

रंगूबाईनं तोंडात पदर कोंबला. "ह्येच गं. ह्येच आवळायचं राहिलं. माझ्या हातानं घालवलं म्या पोराला."

"आत्याबाई, नका वो असं बोलू." सारजाचेही डोळे भरले. ती खाली बसली, एकेक नट उचलून पदराला पुसू लागली. तिसऱ्या नटापाशी तिचा हात थांबला. तिनं आधीचे दोन पुन्हा उचलले, उजेडात धरून पाहिले.

"आत्याबाई, म्या कुकू लावल्यावर पाना कुणी उचलला व्हता?"

"कुणी न्हाय. रामहरी रातभर बसला व्हता न्हवं तितं."

सारजानं मूठ उघडून तिच्यापुढं धरली. पाचही नटांच्या कडांना, काळ्या वंगणात रुतून, कुंकू होतं.