उंच सीट

शोरूममध्ये शलाका नव्या स्पोर्ट्स बाइकवर बसली आणि तिचे पाय हवेतच राहिले. जेमतेम अंगठे टेकत होते.

"आपण ही कुठे ठरवली होती?" तिने नवऱ्याला विचारलं. दोघांनी आलटून पालटून चालवायची म्हणून कमी उंचीच्या सीटची गाडी तिनेच पसंत केली होती. त्यासाठी स्वतःची जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली होती.

"हिचा लूक बघ ना! मी परस्पर बदलून घेतली. तुला आता कुठे चालवायचीय?"

लग्नाआधी दर रविवारी त्या जुन्या गाडीवर आंबा घाट चढून जाणारी ती. नवऱ्याला गिअर टाकायलाही तिनेच शिकवलं होतं. ती उतरली.

"वहिनी, ओवाळा," म्हणत सेल्समनने ताट पुढे केलं. तिने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नवरा ऐटीत बसला, त्याने क्लच झटकन सोडला आणि गाडी लिंबावरच बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच.

"क्लच हळू सोड," ती सवयीने बोलून गेली.

"चारचौघांत शिकवू नकोस," तो दातओठ खात पुटपुटला.

तेवढ्यात वर्कशॉपमधला मेकॅनिक तिची जुनी गाडी फिरवून आला. "साहेब, काय जपलीय हो गाडी! इतकी वर्षं चालवून क्लच अजून लोण्यासारखा. हात पाहिजे असा!"

"सवय लागते," नवरा म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "बस ना मागे, फोटो काढतायत."